चांगला सर्फ

दिवाळीच्या आधी आईकडचा माळा आवरायचं काम दर वर्षी माझ्या वाट्याला येतं, कारण तिला आता शिडीवर कुणी चढू देत नाही आणि खाली उभं राहून सूचना द्यायचं ती काही सोडत नाही. यंदा पितळी समईच्या मागे, जुन्या तसबिरींना टेकून ठेवलेला एक निळा पुठ्ठ्याचा खोका निघाला. दुधाच्या पिशव्या कापून, हातानं टाके घालून त्याला अंगरखा शिवलेला. त्या धुरकट प्लास्टिकमधून 'सर्फ' ही अक्षरं अजून दिसत होती. वरच्या कोपऱ्यात पावडर ओतायला तिरकी फाडलेली चोचही शाबूत होती. हलवला तर खडखड वाजला. आत बटणं. शर्टाची चार भोकांची, शिंपल्याची, एखादं कापड मढवलेलं, शिवाय एक तुटकी चेन आणि शिंप्याच्या खडूचा झिजून नखाएवढा राहिलेला तुकडा. मी शिडीवर बसल्या बसल्या फोटो काढून ताईला पाठवला. खाली लिहिलं, 'आपलं लहानपण!' रात्री उशिरा तिचं उत्तर आलं.

'तुझं. माझं पिवळ्या पावडरीत गेलं.'

मला पिवळी पावडर आठवेचना. खरंच आठवेना. सर्फ मात्र असा आठवतो की आत्ता डोळे मिटले तरी मोरीच्या कट्ट्यावर उभा राहतो. थोडा फुलांचा, थोडा दवाखान्यातला, नाकाच्या शेंड्याला किंचित झोंबणारा वास. पत्र्याच्या बादलीत पडलेला निळसर भुगा, त्यावर आई उंचावरून सोडायची ती पाण्याची धार, आणि कडेपर्यंत चढत येणारा फेस. त्या फेसात कोपरापर्यंत गेलेले तिचे हात. नंतर बार्शीच्या उन्हात चौकातल्या दोरीवर वाळून खडखडीत झालेला माझा पांढरा शर्ट. सकाळी तो डोक्यातून घालताना क्षणभर सगळं पांढरं व्हायचं आणि उन्हाचा वास यायचा. एवढं सगळं लख्ख आठवणाऱ्या माणसाला त्याच मोरीतली दुसरी पावडर आठवू नये, हे काही मला झोपू देईना.

दुसऱ्या दिवशी ताईला फोन केला. तिला आश्चर्य वाटलं ते माझ्या विसरण्याचं. "अरे, तो सायकलवाला यायचा ना, पगार झाल्यावरच्या आठवड्यात. कॅरिअरच्या दोन्ही अंगाला गोणपाटाच्या थैल्या, हँडलला ताजवा अडकवलेला." मग सायकलवाला आठवला. पावडर तरीही नाही. तो ती घरीच करायचा म्हणे. सोडा, अ‍ॅसिड स्लरी, मीठ आणि पिवळा रंग असं सगळं फरशीवर फावड्यानं कालवायचं, पसरून वाळवायचं, चाळायचं आणि थैलीत भरायचं. सोड्याचा हात सढळ असायचा, कारण सगळ्यात स्वस्त तोच. "बादलीत टाकली की पाणी कोमट लागायचं," ताई म्हणाली. "गंमत वाटायची पहिल्यांदा. नंतर बोटांची सालं निघायची. आई रात्री खोबरेल चोळून द्यायची." मी गप्प. तर ती अगदी सहज, कसलाही खार न ठेवता म्हणाली, "तुला कशाला आठवेल? तुला कधी बादलीत हात घालायला लावलं होतं?"

रविवारी सकाळी ती धुणं भिजवायची तेव्हा मी कुठे असायचो, हे मला व्यवस्थित आठवतं. तालमीमागच्या मैदानावर. फलंदाजी झाली की क्षेत्ररक्षण चुकवून पळ काढायचो.

सायकल आणि पिवळी पावडर म्हटली की गोष्ट अहमदाबादला जाणारच. करसनभाई पटेल गुजरात सरकारच्या खनिकर्म खात्यात रसायनतज्ज्ञ होते. १९६९ मध्ये नोकरी सांभाळून त्यांनी परसातल्या छोट्याशा खोलीत पावडर करायला घेतली आणि सायकलवर लादून घरोघर विकली. किलोला तीन-साडेतीन रुपये. सर्फ तेव्हा त्याच्या चौपट. त्यांच्या मुलीचं नाव निरुपमा, लाडाचं निरमा. ती अपघातात गेली आणि बापानं पावडरीला तिचं नाव दिलं. पाकिटावर गिरकी घेणारी पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी आहे ती तिच्या आठवणीची. हे मला फार उशिरा कळलं. वाड्यात आम्ही पोरं ते रेडिओवरचं गाणं म्हणत गोल गोल फिरायचो आणि चक्कर येऊन पडायचो. फ्रॉक गरगरीत फुलवून गिरकी घ्यायची ती ताई. पोर गमावलेल्या बापाचं दुःख गल्लोगल्ली, भिंतीभिंतीवर रंगवलेलं होतं आणि आम्हाला त्याची चाल पाठ होती. जाहिरातीनं माणसाला भुलवलं, असं सरसकट म्हणायला मी कचरतो ते यामुळे.

आमचा सायकलवाला म्हणजे त्याच वाटेनं निघालेल्या शेकडो जणांपैकी एक. गावोगाव असे लोक होते. कुणी थैलीतून सुटी विकायचे, तर कुणी मोठ्या नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे करून पाकिटं छापायचे. बोलण्यात मात्र सगळ्याचा निरमाच व्हायचा. आजही आमच्याकडे कितीतरी घरांत 'निरमा संपलाय' म्हणतात आणि दुकानातून भलतंच काही येतं. 'कपडे धुण्याची पावडर' एवढं लांबलचक म्हणायला वेळ कुणाला आहे? आमच्या घरात मात्र 'सर्फ' रुजला होता. आई पिवळ्या पावडरीलाही सर्फच म्हणायची. एक साधा सर्फ आणि एक चांगला सर्फ. फोनवर ताईनं हे शब्द उच्चारले आणि इतका वेळ बंद असलेलं काहीतरी उघडलं. 'चांगल्याला हात लावू नकोस गं,' हे वाक्य आईच्या आवाजात, मोरीतल्या प्रतिध्वनीसकट ऐकू आलं. त्यातला 'गं' ऐकून मग मी जरा खालीच बसलो.

या दोघींच्याही आधी घरात पाचशे एकचा बार होता. टाटा ऑइल मिलचा, लांबलचक. वाणी तो तारेनं कापून द्यायचा आणि वडीचा कडेचा तुकडा वाकडा आला की आजी बदलून मागायची. आजीचा पावडरींवर विश्वास नव्हता. "नुसता फेस. साबण कुठाय यात?" ती विचारायची, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीनं ती शंभर टक्के बरोबर होती. डिटर्जंट म्हणजे साबण नव्हेच. पण आमच्या विहिरीचं पाणी जड होतं. शाळेच्या पुस्तकात त्याला 'दुष्फेन' असा सुरेख शब्द आहे. शब्द सुरेख, पाणी भिकार. त्यातल्या चुन्याशी साबणाची गाठ पडली की फेसाऐवजी राखाडी साय जमायची आणि कपड्यावर, बादलीवर, आजीच्या नखांत चिकटून बसायची. पावडरीचं तसं होत नाही. तिचा फेस जड पाण्यातही मरत नाही. म्हणून १९५९ मध्ये आलेल्या सर्फनं आणि तिच्याच आगेमागे आलेल्या स्वस्तिकच्या पांढऱ्या 'डेट'नं बायकांना पहिली जी गोष्ट दाखवली, ती बादलीभर फेस. मळ काढायला तेवढा फेस लागत नाही, हे कंपन्यांनाही ठाऊक होतं. पण फेस दिसतो. मळ निघताना कुठे दिसतो?

पुढे दिसण्याचाच खेळ वाढत गेला. विविध भारतीवर १९६७ पासून जाहिराती सुरू झाल्या, दूरदर्शनवर १९७६ पासून, आणि दोन्हीकडे सगळा आटापिटा पांढऱ्यासाठी. स्वच्छ हा शब्द मागे पडला, शुभ्र पुढे आला. तोही नुसता शुभ्र नव्हे, शेजारणीपेक्षा शुभ्र. तिची साडी माझ्या साडीहून पांढरी कशी, हा रिनच्या जाहिरातीतला प्रश्न वाड्यातल्या दोऱ्यांवर तसाही लोंबतच असायचा. कंपनीनं त्याला फक्त बोलायला शिकवलं.

पांढरं दिसण्यासाठी पांढरं असावं लागत नाही, ही त्यातली गंमत. कापड वापरून वापरून पिवळट पडतं. नीळ काय करते, तर त्या पिवळ्यावर निळ्याची इतकी हलकी झाक देते की डोळा फसतो. मळ असतो तिथेच असतो. टिनोपाल आणि रानीपाल या कपडे उजळवणाऱ्या द्रव्यांची तऱ्हा आणखी पुढची. उन्हातली जी किरणं आपल्याला दिसत नाहीत ती शोषायची आणि निळसर उजेड म्हणून परत टाकायची. त्यामुळे कापड उन्हात जवळजवळ पेटल्यासारखं दिसतं. पुढे हीच द्रव्यं थेट पावडरीत आली. चांगल्या सर्फमध्ये ती होती. सायकलवाल्याच्या थैलीत कुठली असायला?

म्हणून ताईच्या वाट्याला नीळ. तिच्या गणवेशाचा ब्लाउज पांढराच होता, माझ्या शर्टाइतकाच. पण तो साध्यातून निघायचा आणि मग शेवटच्या पाण्यात आई नीळ घालायची. फडक्यात पुरचुंडी बांधून ती पाण्यात फिरवायची, पाणी आभाळाच्या रंगाचं झालं की थांबायचं. घाईत गाठ सैल राहिली की नीळ नीट विरघळायची नाही आणि कापडावर डाग उठायचे. एकदा ताईच्या खांद्यावर असा तळहाताएवढा डाग आला. तो ब्लाउज तिनं वर्षभर घातला, कारण दुसरा नव्हता. शाळेत मुली तिला 'नीळकंठ' म्हणायच्या. हेही मला तिनंच आत्ता सांगितलं. एकाच शाळेत, तीन वर्गांच्या अंतरावर मी होतो, आणि माझ्या कानावर हे नाव कधी आलं नव्हतं. की आलं होतं?

वाड्यात टीव्ही एकाच घरी होता. तिथे आम्ही ललिताजी पाहिल्या. साधी साडी, करारी चेहरा, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी बाई. सस्ती चीज़ और अच्छी चीज़ में फ़र्क होता है, असं ती कॅमेऱ्याला बजावायची आणि मग हिशोब मांडायची, की अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो स्वस्तातल्या पावडरीच्या बरोबरीचा. निरमानं बाजार खाल्ला होता आणि चौपट किमतीचं समर्थन करणं भाग होतं. तोंडानं 'महाग' म्हणायचं नाही, 'समजदारी' म्हणायचं. लिंटास या जाहिरात कंपनीच्या अलिक पदमसींची ही करामत. ही बाई आपल्याला आईवरून सुचली, असं त्यांनी सांगितलंय. काम केलं होतं कविता चौधरीनं. पडद्यामागे सर्फच्याच कंपनीनं निरमाच्याच किमतीत उतरायला 'व्हील' काढली आणि त्या मोहिमेला नाव दिलं होतं 'स्टिंग'. म्हणजे एका हातानं समजदारी शिकवायची आणि दुसऱ्या हातानं स्वस्तातलंही विकायचं. यात मला कंपनीचा राग येत नाही. आमच्या मोरीत तरी दुसरं काय चाललं होतं?

आईला ललिताजी मनापासून आवडायची. आसपासच्या जाहिरातींतल्या बाया नवऱ्याच्या कॉलरकडे बघून कानकोंड्या होत आणि ही एकटी ताठ उभी राहून आकडेमोड करी. आई टीव्हीसमोर मान डोलवायची, घरी आल्यावर वहीत आपला हिशोब लिहायची आणि तो ललिताजीपेक्षा वेगळा असायचा. ललिताजीनं किलोला किलो लावला होता. आईनं माणसं लावली. बाबांचे कचेरीचे शर्ट, माझा गणवेश आणि पाहुण्यांसाठीचे अभ्रे, एवढे चांगल्यात. चादरी, पडदे, आजीची लुगडी, ताईचे कपडे साध्यात. पैठणी रिठ्यात. पायपुसणी कशातच नाही, उरलेल्या पाण्यात. ही वाटणी कुणी ठरवली नव्हती, त्यावर कुणी बोललंही नव्हतं. पुढे तीच कविता चौधरी दूरदर्शनच्या एका मालिकेत पोलीस अधिकारी झाली, त्या मालिकेची लेखिका-दिग्दर्शिकाही तीच, आणि ताई ते बघायला अभ्यास टाकून धावायची. "ललिताजी फौजदार झाली!" असं ती उड्या मारत ओरडली होती. तिला इतका आनंद कशाचा झाला होता, ते तेव्हा मला कळायचं कारण नव्हतं.

मध्येच एक आठवलं. २००५ च्या सुमारास सर्फ एक्सेलनं 'दाग अच्छे हैं' आणलं. जवळजवळ पन्नास वर्षं डागाचा धाक घातला आणि मग एक दिवस म्हणाले, डाग चांगले. त्यातल्या एका जाहिरातीत बहीण चिखलात पडते आणि भाऊ त्या चिखलालाच गुद्दे मारतो, तिची माफी माग म्हणून. पांढरा शर्ट चिखलानं बरबटतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ती बघताना, आणि मी ताईला फोन करून सांगितलंही होतं, "अगदी आपण दोघं!" ती हसली होती. काहीच बोलली नव्हती. त्या हसण्याचा अर्थ आता वीस वर्षांनी लागतोय, आणि लागला नसता तर बरं झालं असतं असंही वाटतंय.

शेवटी आईला विचारलं. ती दारात चिवड्याचे पोहे चाळत बसली होती.

"आई, ताईचे कपडे पिवळ्या पावडरीत धुवायचीस?"

"आणि माझे," ती म्हणाली.

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तिच्या साड्या कशात धुतल्या जायच्या, हा प्रश्न मला नाही पडला, ताईलाही नाही. मी म्हटलं, असं का पण? तर म्हणे, "तुम्ही दोघं बाहेर जायचात." मी म्हटलं, "ताईपण शाळेत जायचीच की." चाळणी क्षणभर थांबली, मग परत सुरू झाली. "जायची," ती म्हणाली. "निळीनं व्हायचे तिचे बरे." थोड्या वेळानं तिनं आपणहून आणखी एक गोष्ट सांगितली, आणि सांगताना तिला हसू आवरेना. सर्फचा खोका मोरीच्या खिडकीत ठेवलेला असायचा, नळावर येणाऱ्या बायकांना दिसेल असा. पुठ्ठा भिजू नये म्हणून तर तो दुधाच्या पिशव्यांचा अंगरखा. तर सर्फ वीस-बावीस तारखेलाच संपायचा. खोका मात्र हलायचा नाही. रात्री सगळे झोपल्यावर ती त्यातच साधी पावडर भरायची. "मग महिनाअखेरीला तुझा न् बाबांचा शर्टसुद्धा पिवळ्यातच. निळीचा हात देऊन. तुला कधी कळलं?"

मला कधीच कळलं नाही. तो फुलांचा, दवाखान्यातला, नाकाला झोंबणारा वास मला तिसाही दिवस येत होता.

भाऊबीजेला ताई आली. ओवाळणी झाली, फराळाची ताटं झाली, मग मी खोका आणून तिच्या पुढ्यात ठेवला आणि आईनं सांगितलेलं सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिची बोटं अंगरख्याचे टाके चाचपत होती. "म्हणजे महिन्यातले आठ दिवस आपण सारखे होतो," असं म्हणून ती मोठ्यानं हसली. मीही हसलो, जरा उशिरा. मग तिनं झाकण उघडून खोका नाकाशी नेला, लहानपणी नेला असता तसा, डोळे मिटून.

"कसला येतोय?" मी विचारलं.

"खडूचा," ती म्हणाली. बोटानं आत चाळवून तिनं एक कापड मढवलेलं बटण काढलं, बघितलं, "हे माझ्या निळ्या फ्रॉकचं," म्हणाली आणि परत आत टाकलं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "तो खोका जमिनीवर ठेवू नका रे, फरशी ओली आहे."